पूर ओसरला, पूल उभा आहे. मग तो बंद का ठेवायचा?

काठावरचा (धागाकर्ता)

अचानक आलेला लोंढा दोन-चार तासांत उतरतो, पूल जागच्या जागी दिसतो, कठडे शाबूत असतात, डांबराला साधी भेगही नसते, आणि तरीही अभियंते तो पूल चार-पाच दिवस वाहतुकीला बंद ठेवतात. अशा वेळी वळसा घालावा लागणारी माणसे चिडतात, आणि खरे सांगायचे तर मीही चिडणाऱ्यांतलाच आहे. माझी समजूत अशी होती की पुलाला पुराचा धोका दोनच प्रकारे संभवतो: पाणी पुलावरून वाहिले तर, किंवा मोठे झाड वाहत येऊन खांबावर आदळले तर. यांपैकी काहीच घडले नसेल तर पूल सुरक्षित, इतका सरळ हिशोब मी मांडला होता.

तो चुकतो आहे हे एका जुन्या दुर्घटनेविषयी वाचताना लक्षात आले. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील शोहारी क्रीक या नदीवरचा महामार्गाचा पूल ५ एप्रिल १९८७ रोजी पुरात कोसळला. चार मोटारी आणि एक ट्रक नदीत पडून १० जण दगावले. पाणी रस्त्यापर्यंत पोहोचलेले नव्हते. त्याहून चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की १९५४ मध्ये खुला झालेल्या या पुलाने दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर १९५५ मध्ये, १९८७ च्या पुराहून मोठा पूर झेललेला होता. जो पूल मोठ्या पुरात टिकतो, तो तीन दशकांनी त्याहून लहान पुरात का पडतो? आणि पूर उतरल्यावर अभियंते नेमके काय शोधत असतात? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

ओळंबा

माझी नोकरी पुलांच्या तपासणीत गेली, म्हणून आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो. आम्ही पूल तपासत नसतो, नदीचा तळ तपासत असतो. पुरात पडणारे बहुतेक पूल वरून मोडत नाहीत, त्यांच्या पायाखालची माती जाते. याला आमच्या बोलण्यात ‘स्कावर’ म्हणतात. वाहते पाणी खांबाच्या नाकावर, म्हणजे प्रवाहाकडच्या टोकावर, आपटले की त्याचा एक भाग खाली वळतो, तळाशी घोड्याच्या नालेच्या आकाराचा भोवरा तयार होतो, आणि तो भोवरा खांबाच्या दोन्ही अंगांनी माती उकरत राहतो. खड्डा सर्वांत खोल कधी असतो, तर पुराच्या ऐन भरात, म्हणजे जेव्हा कोणालाही जवळ जाता येत नाही तेव्हा. पाण्याचा जोर कमी झाला की वरून वाहत आलेली वाळू त्याच खड्ड्यात बसते.

एका तपासणीत पाणी घोट्याएवढे उरले असताना मी मधल्या खांबाच्या नाकाशी उभा होतो. वाळू सपाट, तिच्यावर पाण्याच्या बारीक रेघा उमटलेल्या. पाहणाऱ्याला वाटावे की इथे काही घडलेच नाही. खांबापासून दहा पावलांवर आम्ही पहार रोवली, तर ती हातभर आत जाऊन खटकन थांबली आणि वरून घण मारला तरी पुढे सरकेना. तीच पहार खांबाला लागून टेकवली, तर नुसत्या हाताच्या दाबाने खाली जात राहिली आणि पार मुठीपर्यंत गेली. वर काढली तेव्हा तिच्या टोकाला कुजका पाला चिकटलेला होता. नदीच्या जुन्या, घट्ट बसलेल्या तळात त्याच हंगामातला पाला सापडत नसतो. म्हणजे त्या ठिकाणी पुराच्या वेळी पुरुषभर खड्डा पडला होता आणि उतरत्या पाण्याने तो सैल गाळाने बुजवून टाकला होता. असा गाळ डोळ्यांना भरीव दिसतो, पण पायाला त्याचा आधार जवळजवळ शून्य असतो, आणि पुढच्या लोंढ्यात तो पहिल्या अर्ध्या तासात निघून जातो.

शोहारीच्या पुलाचे पाये उथळ होते. हिमनदीने दाबून ठेवलेल्या घट्ट मातीवर ते नुसते टेकवलेले होते. त्यांच्या भोवती संरक्षणासाठी टाकलेले दगड वर्षानुवर्षांच्या पाण्याने हलत गेले आणि त्यांची भर कोणी घातली नाही. आधी एक खांब खचून त्याच्या दोन्ही बाजूंचे गाळे, म्हणजे दोन खांबांमधले पुलाचे भाग, पडले आणि सुमारे दीड तासाने शेजारचा खांबही गेला.

जलरेखा

ओळंबा यांनी सांगितलेल्या ‘घट्ट माती’त काठावरचा यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. मी हा विषय शिकवते, आणि विद्यार्थ्यांचा सर्वांत हट्टी गैरसमज हाच असतो की स्कावर म्हणजे एका पुराचे काम. वाळूच्या तळात ते खरे आहे, कारण तिथे काही तासांतच खड्डा आपली पूर्ण खोली गाठतो. चिकण मातीला दिवस लागतात, हिमनदीने दाबलेल्या मातीला किंवा मऊ खडकाला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. पण शेवटची खोली जवळपास तेवढीच असू शकते. फरक फक्त वेळेचा असतो. अशा तळावरचा पूल एका मोठ्या पुरात तगतो याचा अर्थ इतकाच, की पूर काम पुरे होण्याआधी ओसरला. पुढचा पूर पहिल्यापासून सुरुवात करत नाही, तो मागच्या पुराने जिथे सोडले तिथून उकरू लागतो. १९५५ चा पूर मोठा होता, पण त्याला पाया अखंड मिळाला होता; १९८७ च्या पुराला तसा मिळाला नाही.

आता अचानक येणाऱ्या पुराविषयी. त्याचे वैशिष्ट्य पाण्याच्या उंचीपेक्षा वेगात आहे. वेग दुप्पट झाला की खांबावरचा दाब चौपट होतो. रस्ते-पुलांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या भारविषयक संहितेत प्रति चौरस मीटर किलोग्रॅममधला दाब काढण्यासाठी ५२ गुणिले आकाराचा गुणांक गुणिले वेगाचा वर्ग असे सूत्र दिले आहे. गोल खांबासाठी हा गुणांक ०.६६ आणि चौकोनी नाकाच्या खांबासाठी १.५ आहे. सेकंदाला २ मीटर वेगात गोल खांबावर सुमारे १३७ किलोग्रॅम दाब येतो, ४ मीटर वेगात ५४९, आणि चौकोनी नाक असेल तर त्याच वेगात १,२४८. हे झाले खांबाचे. तळाचे गणित याहून क्रूर आहे. पाणी जेवढ्या वजनाचा दगड ढकलू शकते ते वजन वेगाच्या सहाव्या घाताने वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ६४ पट वजनाचा दगड जागचा हलतो. संरक्षणासाठी टाकलेले दगड नेहमीच्या पुरात वर्षानुवर्षे टिकतात आणि एका लोंढ्यात नाहीसे होतात, त्यामागे हा सहावा घात असतो.

दुसरी गोष्ट प्रवाहाच्या दिशेची. लोंढा नदीच्या नेहमीच्या वळणांचा मान ठेवत नाही, तो आडवा-तिडवा येतो. समजा भिंतीसारखा १० मीटर लांब आणि दीड मीटर रुंद खांब प्रवाहाला समांतर बांधला आहे. प्रवाह केवळ १५ अंशांनी वळला तर पाण्याला तोच खांब सुमारे ४ मीटर रुंद भासतो. खांबाजवळच्या खड्ड्याची खोली या भासणाऱ्या रुंदीवर अवलंबून असते. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाच्या मार्गदर्शिकेत प्रवाहाला सरळ असलेल्या गोल नाकाच्या खांबासाठी ती रुंदीच्या २.४ पटीपर्यंत धरतात. त्यातच वाहून आलेले ओंडके खांबाला अडकून त्यांचा तराफा तयार झाला की रुंदी आणखी वाढते, पुलाखालची वाट चोंदते, आणि उरलेल्या वाटेतून पाणी अधिक जोराने निसटते. झाड आदळण्याची भीती सर्वांना वाटते, पण माझ्या मते अडकून बसलेले झाड आदळणाऱ्या झाडापेक्षा अधिक घातक असते.

जाता जाता एक सांगते. आपल्याकडे पायाची खोली ठरवताना ज्या लेसी यांच्या सूत्राचा आधार घेतात, ते गाळाच्या मातीतून संथ, स्थिर वाहणाऱ्या कालव्यांच्या निरीक्षणांतून आलेले आहे. गोट्या-धोंड्यांच्या पात्रात तासाभरात चढणाऱ्या पुराला ते जसेच्या तसे लावताना हात थोडा थरथरला पाहिजे.

शंकासुर

हे सगळे मान्य, पण मग सोपा उपाय का करत नाहीत? पूर उतरल्यावर पुलावर भरलेले ट्रक उभे करावेत, पूल किती वाकतो ते मोजावे, आणि ठरलेल्या मर्यादेत वाकला तर त्याच संध्याकाळी खुला करावा. नवा पूल असाच भार ठेवून तपासतात ना? शिवाय जो पूल पन्नास-साठ वर्षे उभा आहे, त्याच्यावर काही विश्वास ठेवायचा की नाही?

ओळंबा

शंकासुर, तुमची सूचना आमच्या वरिष्ठांनीही एकदा केली होती, त्यामुळे तिचे उत्तर माझ्याजवळ तयार आहे. ट्रक उभे करून तुळया तपासल्या जातात, आणि पुराने तुळयांचे बहुधा काही बिघडवलेले नसते. पायाखाली अर्ध्या भागात पोकळी असली तरी उरलेल्या अर्ध्यावर खांब शांत पाण्यात उभा राहू शकतो आणि ट्रकचे वजनही पेलू शकतो. त्याची खरी कसोटी पुढचा पूर बाजूने रेटा देईल तेव्हा लागते, आणि तो रेटा ट्रक ठेवून निर्माण करता येत नाही. शिवाय ज्या पायाविषयी शंका आहे त्याच पायावर मुद्दाम वजन चढवायचे आणि वर माणसे उभी करायची, हे मला कधीच पटलेले नाही.

खांब पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या लांब खुंटांवर, असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पाइलला आधार टोकाचा असतो तसाच भोवतालच्या मातीच्या घर्षणाचाही असतो. माती गेली की ते घर्षण जाते आणि पाइलची उघडी लांबी वाढते. उघडी लांबी दुप्पट झाली की लचकून मोडण्यापूर्वी पेलता येणारा भार एक चतुर्थांशावर येतो. हे वाकण्याच्या मोजमापात सहसा दिसत नाही, कारण लचक एकाएकी येते.

पन्नास-साठ वर्षांच्या विश्वासाविषयी म्हणाल, तर त्या वर्षांत नदीचा तळ होता तिथेच राहिला आहे का, हे आधी विचारावे लागेल. पोर्तुगालमध्ये दोउरो नदीवरचा हिंत्झे रिबेइरो पूल ४ मार्च २००१ च्या रात्री कोसळला आणि ५९ माणसे गेली. तिथे वर्षानुवर्षे झालेल्या वाळूउपशाने तळ खाली गेला होता आणि त्या हिवाळ्यातील पुरांनी उरलेले काम केले. पूल शतकभर जुना होता, पण त्याच्या पायाखालची नदी तीच राहिली नव्हती.

रूळवाट

मी रेल्वेच्या बाजूने थोडे लिहितो, कारण ‘वरून जाऊन पाहू’ या विचाराची किंमत रेल्वेने मोजलेली आहे. वेल्समधील ग्लानरीड येथे १९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे, म्हणजे शोहारीच्याच वर्षी, पुरानंतर मार्ग तपासत सावकाश निघालेली एक गाडी टोवी नदीवरच्या तुटलेल्या पुलावरून पाण्यात गेली आणि चौघांचा मृत्यू झाला. गाडी चालवून पूल तपासता येत नाही, हाच त्या दुर्घटनेचा धडा.

पूर उतरल्यावरचा काळ किती फसवा असतो याचे उदाहरण स्कॉटलंडमधील लॅमिंग्टनच्या पुलाचे आहे. क्लाइड नदीला जोराचे पाणी आले ते ३० डिसेंबर २०१५ रोजी. मधला खांब खचला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रवासी गाडी ताशी सुमारे ११० मैल वेगाने वरून जात असताना. गाडी रुळांवर टिकली हे नशीबच. मार्ग फेब्रुवारी २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाला.

आणखी एक प्रकार आहे, तो ‘कागद हरवण्याचा’. आयर्लंडमधील मॅलाहाइडचा पूल २१ ऑगस्ट २००९ रोजी कोसळला. तिथे पूर नव्हता, भरती-ओहोटीच्या पाण्याने पायाखालचा दगडी बांध खाल्ला होता. पाण्याच्या वागण्यात काही बिघडले आहे असे स्थानिक सागरी बालवीरांच्या गटाकडून आधी कळवले गेले होते, अभियंत्याने येऊन पाहिलेही होते, आणि पूल ठीक असल्याचा निर्वाळा दिला होता. खांब खडकावर नसून त्या बांधावर उभे आहेत, ही माहिती रेल्वे संस्थेच्या स्मरणातूनच निघून गेली होती. जीवितहानी झाली नाही, कारण चालकाला भराव खचताना दिसला आणि त्याने वेळेवर कळवले.

खऱ्या अर्थाने अचानक आलेल्या पुराचे नाव घ्यायचे तर ते न्यूझीलंडच्या तांगीवाईचे. २४ डिसेंबर १९५३ च्या रात्री रुआपेहू ज्वालामुखीच्या विवरातील सरोवर फुटले, चिखल-दगडांचा लोंढा फांगाएहू नदीतून आला, पुलाचे खांब गेले, आणि थोड्याच मिनिटांत आलेली एक्स्प्रेस नदीत कोसळून १५१ जण मरण पावले. तेच सरोवर १८ मार्च २००७ रोजी पुन्हा फुटले, तेव्हा वरच्या अंगाला बसवलेल्या इशारा यंत्रणेमुळे रस्ता आणि रेल्वे वेळेत बंद झाली आणि कोणी दगावले नाही. अशा ठिकाणी पूल मजबूत करण्याआधी मी इशाऱ्याच्या तारेवर खर्च करीन.

दगडीकमान

कमानीच्या जुन्या पुलांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडी भर घालतो. सावित्री नदीवरचा महाडजवळचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन बस गेल्या, हे आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. त्याच्या शेजारचा नवा पूल मात्र उभा राहिला. एकाच पाण्यात दोघांची गत वेगळी का, याचे एक सर्वसाधारण कारण बांधणीत असते. तुळईचा पूल गाळ्यागणिक सुटा असतो. कमानी एकमेकींना रेटून उभ्या असतात. एक कमान पडली की शेजारच्या कमानीचा रेटा सावरणारे कोणी उरत नाही आणि मधला खांब त्या बाजूला कलतो, मग कमानींची रांगच जाते.

शिवाय कमानीच्या पोटावर जो मुरूम-मातीचा भराव असतो, तो पाणी पितो. पूर उतरला तरी आतले पाणी लगेच उतरत नाही, ते बाजूच्या भिंतींना आतून ढकलते आणि सांध्यांतला चुना बरोबर घेऊन पाझरते. पूर गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमानीच्या सांध्यांतून पांढुरके पाणी गळताना दिसले तर ती खूण क्षुल्लक समजू नये.

काठावरचा

या प्रतिसादांनी माझा राग जवळपास संपवला आहे. अजून एक शंका उरते. पाणी पुलावरून वाहून गेले असेल, किंवा पुलाच्या टोकाला रस्त्याचा भराव तुटला असेल, तर ते नुकसान निदान डोळ्यांना दिसते, म्हणजे तो धोका कमी फसवा, असे म्हणता येईल का?

जलरेखा

भरावाच्या बाबतीत अर्धेच म्हणता येईल. टोकाचा आधार आणि जोडरस्ता हा पुलाचा सर्वांत दुर्लक्षित भाग असतो. पाकिस्तानात काराकोरम महामार्गावरचा हसनाबादचा पूल ७ मे २०२२ रोजी शिस्पर हिमनदीच्या सरोवराच्या लोंढ्यात कोसळला, तेव्हा पाणी काठ पोखरत टोकाच्या आधाराखाली शिरले आणि आधार गेल्यावर अख्खा पूल बसला. लोंढा पटकन उतरतो तेव्हा एक वेगळे संकट येते: नदीतले पाणी खाली गेलेले असते, पण भरावात मुरलेले पाणी तिथेच असते. बाहेरून रोखून धरणारे पाणी नाही आणि आतून ढकलणारे आहे, अशा अवस्थेत भराव किंवा त्याची भिंत पूर उतरल्यानंतर तासा-दोन तासांनी घसरते. वरचा डांबरी थर मात्र पापुद्र्यासारखा तरंगत राहू शकतो आणि खाली पोकळी असते. पायी जाणाऱ्याला ती कळत नाही, ट्रकच्या चाकाला कळते.

पूल बुडण्याविषयी एक हिशोब देते. १०० टन वजनाचा काँक्रीटचा गाळा पूर्ण बुडाला की सुमारे ४० घनमीटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे बेअरिंगवर (खांबावरच्या ज्या टेकूवर गाळा बसतो त्यावर) त्याचे वजन ६० टनच उरते. तुळयांच्या मधल्या पोकळ्यांत २० घनमीटर हवा अडकून राहिली तर ते ४० टनांवर येते. त्याच वेळी पाणी बाजूने ढकलत असते. म्हणूनच बुडण्याचा संभव असलेल्या पुलांत हवा सुटायला भोके ठेवतात आणि गाळा सरकू नये म्हणून अटकाव बसवतात. पूर उतरल्यावर असा गाळा पुन्हा बेअरिंगवर बसतो, पण अगदी पूर्वीच्याच जागी बसेल असे नाही. कठड्याच्या एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाकली तर रेघ सरळ आहे की मध्ये कुठे पाऊल चुकल्यासारखी सरकली आहे ते कळते. प्रसरण सांध्याची फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला मिटलेली असेल तर खांब वळला किंवा कलला असण्याचा संशय घ्यावा. हे सामान्य माणसालाही दिसते, पण ते दिसले नाही म्हणून पूल सुरक्षित ठरत नाही.

शंकासुर

ट्रकची सूचना मी मागे घेतो. पण तळ मोजायला चार दिवस कशाला लागतात? आणि तोवर खांबाभोवती मोठे दगड टाकून मोकळे का होत नाहीत?

ओळंबा

दगड टाकणे हा तातडीचा इलाज म्हणून ठीक आहे, मीही ते केले आहे. पण खाली बारीक खडीचा गाळणीसारखा थर नसेल तर दगडांच्या फटींतून माती निघून जातच राहते आणि दगड खाली बसत जातात. ढीग फार उंच झाला तर पाण्याची वाट अरुंद होऊन शेजारच्या खांबाजवळ उकरणी सुरू होते. आणि तपासणीच्या आधी दगड टाकले तर खड्डा किती होता हे कायमचे झाकले जाते, ही माझी मुख्य तक्रार आहे.

वेळ लागतो तो पाण्यामुळे. गढूळ आणि जोराच्या पाण्यात पाणबुड्याला उतरवता येत नाही. तो उतरला तरी त्याला दिसत काही नाही, सगळे हाताने चाचपावे लागते. होडीवरून ध्वनिलहरींनी खोली मोजता येते, पण ते यंत्र सैल गाळाचा पृष्ठभागच तळ म्हणून दाखवते, त्यामुळे पहार किंवा भोक पाडून खातरजमा करणे सुटत नाही. आता खांबांवर कल मोजणारी यंत्रे बसवतात. तळात पुरून ठेवलेली अशीही साधने असतात की वरची माती गेली की ती सुटून वर येतात आणि संदेश पाठवतात. ती असतील तर निर्णय तासांत होतो. शोहारीनंतर अमेरिकेत पाण्याखालच्या भागाची तपासणी किमान दर पाच वर्षांनी करणे बंधनकारक झाले, त्यामुळे पुरानंतर तुलना करायला तिथे निदान मागचे मोजमाप हाताशी असते.

त्या तुलनेवरच सगळे अडते. वर लिहिलेल्या खांबाजवळ पहार मुठीपर्यंत गेली होती, तरी तो पूल आम्ही चौथ्या दिवशी खुला केला, कारण जुन्या नकाशात त्याचा विहीर पाया (विहिरीसारखा खोल उतरवलेला पाया) त्या खड्ड्याच्या तळाखाली आणखी १२ मीटर गेलेला होता आणि भोक पाडून आम्ही ते पडताळले. त्याच रस्त्यावर पुढे एक लहानसा तीन गाळ्यांचा पूल होता. तिथे पहार जेमतेम गुडघाभर गेली. पण त्याचा पाया किती खोल आहे हे सांगणारा कागद कोणत्याच कपाटात निघाला नाही, आणि तो पूल पावसाळा संपेपर्यंत बंद राहिला.